भाषाशिक्षकाच्या हिशेबाने: आयटॉकी, प्रेप्ली आणि इतर

घरबसल्या भाषा शिकवण्याच्या प्लॅटफॉर्मविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात ‘घरी बसून डॉलर कमवा’ या थाटाचा मजकूर फार आणि हिशेब कमी असतो. इंग्रजीत परीक्षणे भरपूर आहेत, पण ती लिहिणारे बहुधा इंग्रजी किंवा स्पॅनिश शिकवणारे असतात आणि विद्यार्थ्यांची वाट पाहत बसणे म्हणजे काय, हे त्यांच्या लिखाणात उतरत नाही. मी पुण्यात राहून प्रौढ विद्यार्थ्यांना मराठी शिकवते आणि मागणी आली तर हिंदीही शिकवते. या लेखात आयटॉकी आणि प्रेप्ली या दोन मोठ्या प्लॅटफॉर्मचे सविस्तर आणि इतर काहींचे जाता जाता परीक्षण केले आहे. कसोटी एकच ठेवली आहे: प्लॅटफॉर्म शिक्षकाकडून जे पैसे कापून घेतो, ते नेमक्या कोणत्या कामाचे आणि किती काळ घेतो.

प्लॅटफॉर्म आपल्यासाठी दोन कामे करतो. तो अनोळखी विद्यार्थी शोधून आणतो आणि नंतर त्या विद्यार्थ्याचे वेळापत्रक, पैसे व तक्रारी सांभाळतो. पहिले काम एकदाच होते, दुसरे चालू राहते, कमिशन मात्र दोन्हींचे मिळून प्रत्येक तासावर कापले जाते. जो विद्यार्थी दोन वर्षे टिकतो, त्याला शोधून आणल्याचे पैसे आपण त्याच्या शंभराव्या तासालाही भरत असतो. त्यामुळे आपली भाषा मोठी की छोटी आणि आपले विद्यार्थी टिकणारे की चार तासांत जाणारे, हे पाहिल्याशिवाय कोणता प्लॅटफॉर्म परवडतो हे सांगता येत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर विद्यार्थी थोडे असतात, पण ठरवून आलेले असतात. डुओलिंगोवर हिंदी आहे, मराठी नाही, त्यामुळे मोबाइलवर खेळता खेळता मराठी शिकू पाहणाऱ्यालाही लवकरच माणसाकडे यावे लागते. परदेशी विद्यापीठांतील संशोधकांची सोय अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या पुण्यातील मराठी वर्गात होते, आणि अमेरिकेतील मराठी घरांतली मुले तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या शाळांत जातात. प्लॅटफॉर्मवर येतात ते मुख्यतः प्रौढ: मराठी घरात लग्न झालेले, आजीशी बोलता येत नाही याची खंत असलेले दुसऱ्या पिढीतले तरुण, आणि नोकरीसाठी मुंबई-पुण्यात आलेले परप्रांतीय. यांतल्या तिसऱ्या गटाला डॉलरमध्ये पैसे भरणे मुळातच पटत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून पुढचे विवेचन प्रामुख्याने पहिल्या दोन गटांना धरून आहे.

आयटॉकी २००७ मध्ये सुरू झाले. तिथे शिक्षकांचे दोन वर्ग आहेत. अध्यापनाचे प्रमाणपत्र किंवा अनुभवाची कागदपत्रे दाखवणारे ‘प्रोफेशनल टीचर’ आणि ती नसलेले, पण भाषा उत्तम बोलणारे ‘कम्युनिटी ट्यूटर’. दर शिक्षकाने स्वतः ठरवायचा असतो आणि प्लॅटफॉर्म त्यातून सरसकट १५ टक्के घेतो. तास अर्ध्या तासाचा, पाऊण तासाचा, एक तासाचा किंवा दीड तासाचा ठेवता येतो, आणि विद्यार्थ्याने पाच-दहा तासांचे पॅकेज एकदम घेतले तर त्याला सवलत देण्याची मुभा असते. ‘कम्युनिटी ट्यूटर’ हा वर्ग मराठीसाठी फार उपयोगाचा आहे. परदेशी लोकांना मराठी शिकवण्याचे प्रमाणपत्र ज्यांच्याकडे आहे अशी माणसे मुळातच मोजकी, आणि बीएड झालेल्या शिक्षकाला मातृभाषक मुलांना व्याकरण शिकवण्याची सवय असते. पस्तिशीतल्या परकीय माणसाला ‘मला भूक लागली’ या वाक्यात ‘मी’ का नाही, हे समजावण्याची नसते. या दुसऱ्या कामासाठी कागदापेक्षा सराव लागतो आणि आयटॉकी तो सराव करायला वाव देते.

अडचण प्रवेशाची आहे. ज्या भाषेचे शिक्षक पुरेसे झाले असे त्यांना वाटते, त्या भाषेचे अर्ज ते बंद करतात आणि पुन्हा कधी उघडतील याची वाट पाहावी लागते. अर्जासोबत ओळख करून देणारी एक ते तीन मिनिटांची चित्रफीत लागते. ती आडवी चित्रित केलेली हवी आणि तीत फोन नंबर किंवा पत्ता असता कामा नये. आपल्याकडचे बहुतेक शिक्षक या चित्रफितीत आपली पदवी, अनुभव आणि पुरस्कार सांगण्यात दीड मिनिट घालवतात. विद्यार्थी मात्र एवढेच पाहत असतो की ही बाई सावकाश बोलते का, हसते का आणि चुकल्यावर रागावणार तर नाही ना. अर्धी चित्रफीत इंग्रजीत आणि अर्धी सोप्या, संथ मराठीत असावी, असे माझे मत आहे.

पूर्वी आयटॉकीवरचे बरेच तास स्काइपवर होत. ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले. आता आयटॉकीचा स्वतःचा ऑनलाइन वर्ग आहे आणि झूमसारखे दुसरे साधनही वापरता येते. नियोजित वेळेच्या चोवीस तास आधीपर्यंत विद्यार्थी वेळ बदलून मागू शकतो, त्यानंतर मात्र शिक्षकाची संमती लागते. ज्याने पहाटेचा गजर लावून ठेवलेला असतो त्याला या नियमाचे मोल कळते.

प्रेप्ली २०१२ मध्ये युक्रेनमधल्या तिघा तरुणांनी सुरू केले. त्याची रचना वेगळी आहे आणि पहिल्यांदा वाचताना ती शिक्षकाला धक्कादायक वाटते. नव्या विद्यार्थ्याचा पहिला तास, म्हणजे ट्रायल, विद्यार्थी पैसे भरूनच घेतो, पण ती सारी रक्कम प्रेप्ली ठेवते आणि शिक्षकाला त्यातले काहीही मिळत नाही. पुढच्या तासांवर सुरुवातीला ३३ टक्के कमिशन आहे. शिकवलेले तास वाढतील तसे ते उतरते: वीस तासांनंतर २८, पन्नासनंतर २५, दोनशेनंतर २२ आणि चारशे तास पूर्ण झाल्यावर १८ टक्के.

आता प्रत्यक्ष आकडा मांडून पाहू. तासाला दहा डॉलर दर धरला, तर प्रेप्लीवर पहिल्या वीस तासांचे १३४ डॉलर हातात येतात, पुढच्या तीस तासांचे २१६, त्यानंतरच्या दीडशे तासांचे १,१२५ आणि पुढच्या दोनशेंचे १,५६०. चारशे तासांची एकूण कमाई झाली ३,०३५ डॉलर. तेवढ्याच तासांचे आयटॉकीवर ३,४०० डॉलर होतात. फरक ३६५ डॉलरचा, म्हणजे दहा डॉलरच्या दराने साडेछत्तीस तासांची फी. फुकट घेतलेल्या ट्रायल यात धरलेल्याच नाहीत. आठवड्याला दहा तास शिकवणाऱ्याला चारशेचा टप्पा गाठायला चाळीस आठवडे लागतात, आणि तिथे पोहोचल्यावरही १८ टक्के हे १५ टक्क्यांहून जास्तच राहतात. हा हिशेब कोणत्याही बाजूने फिरवला तरी प्रेप्लीच्या बाजूने पडत नाही.

तरीही अनेक शिक्षक तिथे टिकून आहेत, याचे कारण हिशेबाच्या बाहेर नाही, त्याच्या आतच आहे. वरच्या मांडणीत मी दोन्हीकडे चारशे तास मिळतील असे गृहीत धरले. तसे होत नाही. प्रेप्ली जाहिरातींवर जोर देते आणि नव्या शिक्षकालाही ट्रायल मिळवून देते. शिवाय २०२२ पासून तिथे वर्गणीची पद्धत आहे. विद्यार्थी आठवड्याला किती तास घेणार हे ठरवतो आणि दर चार आठवड्यांनी त्याचे पैसे आपोआप कापले जातात. मनाला येईल तेव्हा एखादा तास घेणारा विद्यार्थी या पद्धतीत नियमित होतो, नाहीतर सरळ सोडून जातो. शिक्षकाला पुढच्या महिन्याचा अंदाज बांधता येतो, आणि घरखर्च ज्याचा यावर चालतो त्याला हा अंदाज काही टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा वाटला तर त्यात नवल नाही. हिंदी शिकवणाऱ्याला, विशेषतः भरपूर मोकळे तास असलेल्या तरुण शिक्षकाला, मी प्रेप्ली वर्ज्य सांगणार नाही. मराठी शिकवणाऱ्याला सांगेन. महिन्याला मोजके तास मिळत असतील तर ३३ आणि २८ टक्क्यांच्या पायऱ्यांवरच बराच काळ जातो, आणि कमी कमिशनचे जे आमिष पुढे ठेवलेले आहे ते छोट्या भाषेच्या शिक्षकाच्या हाती यायला फार वेळ लागतो.

ट्रायलविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण दोन प्लॅटफॉर्ममधला खरा फरक तिथे दिसतो. चांगली ट्रायल घेणे हे कष्टाचे काम आहे. अर्ध्या तासात विद्यार्थ्याला देवनागरी वाचता येते का, हिंदी येते का, त्याला कोणाशी बोलायचे आहे, हे काढून घ्यायचे असते आणि तरीही तो उठताना त्याच्या तोंडात एखादे वापरता येईल असे वाक्य बसलेले असावे लागते. सासूशी बोलण्यासाठी शिकायला आलेल्याला मी पहिल्याच दिवशी ‘आई, तुम्ही जेवलात का?’ एवढे म्हणायला लावते. हिंदी येणारा विद्यार्थी पाचव्या मिनिटाला ‘माझी पुस्तक’ म्हणतो, कारण हिंदीत किताब स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंग तर नाहीच. तिथेच शिक्षकाला पुढच्या दहा तासांची आखणी सुचते. हे सगळे निदान करण्याचे काम आहे आणि त्याचा मोबदला शून्य असणे मला मान्य नाही. आयटॉकीवर ट्रायलचा दर शिक्षक ठरवतो आणि त्यावरही नेहमीचेच कमिशन लागते. पाच डॉलरच्या ट्रायलचे सव्वाचार डॉलर हाती येतात. रक्कम छोटी आहे, पण फुकट आणि सव्वाचार यांत फार अंतर आहे.

दोन्हीकडे विद्यार्थ्याला शोधयादीत ‘मातृभाषक’ ही अट लावता येते. इंग्रजी शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकाला ही अट मारक ठरते. वीस वर्षे इंग्रजी शिकवलेली प्राध्यापिका यादीतून गायब होते आणि कालपर्यंत कॉफी विकणारा कॅलिफोर्नियातला तरुण वर दिसतो. मराठीत ती आपल्याला अनुकूल असते, एवढेच काय ते समाधान. कॅम्बली तर फक्त इंग्रजीसाठी आहे आणि तिथे शिक्षकाला दर ठरवण्याचाही अधिकार नाही: मिनिटाला १७ सेंट, म्हणजे तासाला १० डॉलर २० सेंट. आपल्या वाचकांना त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

दरांविषयी एक गोष्ट खटकते. मराठीच्या यादीत तासाला पाच-सहा डॉलर लावणारे शिक्षक दिसतात. नव्याने अभिप्राय मिळवण्यापुरते हे ठीक, पण कमिशन, चलनबदल आणि तयारीचा वेळ धरला तर ही रक्कम पुण्यातल्या दहावीच्या शिकवणीपेक्षा खाली जाते. आणि स्वस्तात आलेला विद्यार्थी दर वाढवल्यावर क्वचितच थांबतो. सुरुवातीचे काही अभिप्राय मिळाले की नव्या विद्यार्थ्यांसाठी दर लगेच वाढवावा. जुन्यांचा दर तोच ठेवला तरी चालेल.

वेळेचे गणित कोणताही प्लॅटफॉर्म सोडवून देत नाही, फक्त दाखवतो. न्यू जर्सीतला विद्यार्थी कामावरून येऊन रात्री आठला बसतो, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे सरकतात, आपली सरकत नाहीत, आणि त्या आठवड्यात हमखास कोणीतरी तासभर आधी किंवा नंतर हजर होतो. दोन्ही प्लॅटफॉर्म प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेळेत तास दाखवतात. त्यामुळे निरोपात वेळ लिहिण्याऐवजी ‘कॅलेंडरमध्ये दिसते ती वेळ’ असे लिहिणे बरे.

तक्रार-निवारणाचा अनुभव सगळीकडे सारखा नसतो. ज्याचे नाव या लेखात कुठेही नाही अशा एका छोट्या प्लॅटफॉर्मवर माझा विद्यार्थी तासाला आलाच नाही आणि नंतर ‘लिंक उघडली नाही’ असे त्याने कळवले. मला काहीही न विचारता पैसे त्याला परत गेले. तेव्हापासून विद्यार्थी पाच मिनिटे उशीर झाला की मी प्लॅटफॉर्मच्याच निरोपखिडकीत ‘मी वर्गात आहे’ असे लिहिते आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवते. वाद झाला तर व्हॉट्सअॅपवरचे बोलणे कोणी पुरावा म्हणून धरत नाही.

एकाच ठिकाणी सगळी मदार ठेवू नये, हे सांगायला चीनचे उदाहरण पुरेसे आहे. बीजिंगच्या व्हीआयपीकिडवर अमेरिका आणि कॅनडातले हजारो शिक्षक चिनी मुलांना इंग्रजी शिकवत होते. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शाळाबाह्य शिकवण्यांवर निर्बंध आणले, परदेशात बसून शिकवणाऱ्यांना मनाई केली, आणि त्या शिक्षकांचा धंदा काही महिन्यांत संपला. त्यात त्यांचा दोष नव्हता, त्यांचे अभिप्रायही उत्तम होते. अभिप्राय प्लॅटफॉर्मच्या मालकीचे असतात, ते दुसरीकडे नेता येत नाहीत. निदान आपला अभ्यासक्रम आणि धडे तरी आपल्या संगणकावर, आपल्या नावाने असावेत.

जर्मन आणि जपानी शिकवणाऱ्यांचे प्रकरण वेगळे आहे आणि पुण्यात अशा शिक्षकांची संख्या मोठी असल्याने त्याचा उल्लेख केला पाहिजे. त्यांचे विद्यार्थी परीक्षेच्या तारखेकडे डोळे लावून येतात: जुलै आणि डिसेंबरमधली जपानीची जेएलपीटी, किंवा मॅक्सम्युलर भवनातल्या जर्मनच्या ए-वन, बी-वन या पातळ्यांच्या परीक्षा. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मनची चौकशी तालुक्याच्या गावांतूनही होऊ लागली आहे. हे विद्यार्थी रुपयांत आणि यूपीआयने पैसे देतात, म्हणून त्यांच्यासाठी डॉलरचे प्लॅटफॉर्म निरुपयोगी आहेत.

तिथे सुपरप्रोफ आणि अर्बनप्रो कामाला येतात, आणि दोघांची तऱ्हा परस्परांच्या उलट आहे. मूळच्या पॅरिसच्या सुपरप्रोफवर शिक्षकांशी संपर्क साधण्यासाठी विद्यार्थी पास विकत घेतो. शिक्षकाची फी शिक्षकाकडे पूर्ण येते आणि पुढे प्लॅटफॉर्म मध्ये येत नाही. अर्बनप्रो बंगळुरूचे. तिथे विद्यार्थी आपली गरज नोंदवतो आणि त्या चौकशीपर्यंत पोहोचण्यासाठी शिक्षकाला पैसे मोजून घेतलेली नाणी खर्च करावी लागतात. सुरुवातीच्या कसोटीवर सुपरप्रोफ सर्वांत स्वच्छ ठरते, कारण ते फक्त ओळख करून देण्याचेच पैसे घेते आणि तेही शिक्षकाकडून नाही. मात्र पास घेण्याआधीच बरेच विद्यार्थी मागे फिरतात, हा त्याचा तोटा आहे. अर्बनप्रोच्या पद्धतीत धोका पूर्णपणे शिक्षकाच्या पदरात पडतो. चौकशी करणारा खरोखर शिकणार आहे की चार ठिकाणचे दर गोळा करतो आहे, हे पैसे गेल्यावरच कळते. चौकशीतला मजकूर नीट वाचून, ज्यात परीक्षेचे नाव आणि तारीख आहे अशाच चौकशांवर नाणी घालवावीत.

परदेशातून आलेल्या पैशांचेही पाहिले पाहिजे. आयटॉकी आणि प्रेप्ली दोन्हींवरून पेपॅल किंवा पेओनिअरमार्गे पैसे काढता येतात. १ एप्रिल २०२१ पासून पेपॅलने भारतातले अंतर्गत व्यवहार बंद केले आहेत, पण परदेशातून येणारी रक्कम चालते आणि ती आपोआप आपल्या बँक खात्यात वळती होते. दिसणारे शुल्क कमी वाटते, खरा वाटा विनिमयदरात कापला जातो. म्हणून दर आठवड्याला चिल्लर रक्कम काढण्यापेक्षा महिन्यातून एकदा काढावी आणि त्या दिवशीचा बाजारदर पाहून ठेवावा. प्रत्येक जमेमागे योग्य पर्पज कोड, म्हणजे परदेशातून पैसे कशासाठी आले हे सांगणारा संकेतांक, लागला आहे ना, हे एकदा तपासावे आणि परकीय चलन जमा झाल्याचा दाखला जपून ठेवावा. प्राप्तिकर भरताना सनदी लेखापाल तोच आधी मागतो. जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची मर्यादा वर्षाला वीस लाख रुपये आहे, तेव्हा एकट्याने शिकवणाऱ्या बहुतेकांना तूर्त ती चिंता नाही.

प्लॅटफॉर्मवर भेटलेल्या विद्यार्थ्याला बाहेर नेणे दोन्हीकडे नियमबाह्य आहे आणि खाते बंद होण्याची जोखीम त्यात आहे. ओळखीतून थेट आलेल्यांना मात्र प्लॅटफॉर्मची गरज नाही. गूगल मीटवर दोघांच्या वर्गाला पुरेसा वेळ फुकट मिळतो, झूमच्या मोफत खात्यावर चाळीस मिनिटांची मर्यादा आहे. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या अनिवासी भारतीयांना त्यांच्या परदेशी मोबाइल क्रमांकावरून, एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या भारतीय बँक खात्यातून यूपीआय वापरण्याची परवानगी मिळाली. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती त्यांत आहेत. म्हणजे डॅलसमधल्या मराठी मुलीकडून फी घ्यायला आता कमिशनही लागत नाही आणि चलनबदलही. राहते ते दुसरे काम, वेळापत्रक आणि वसुलीचे. ओळखीतल्या घरच्या परदेशी जावयाने सलग तीन तास आयत्या वेळी रद्द केले, तर त्याचे पैसे मागायला जीभ रेटत नाही. आयटॉकीवर तो प्रश्नच येत नाही, कारण पैसे आधीच जमा असतात. एवढ्या एका सोयीसाठी मी पंधरा टक्के बिनतक्रार देते. तेहतीस देणार नाही.